रशीद आत्तारची पॉवरची गोळी

इस्लामपुरात आमच्या पेठेत तुम्ही रस्त्यानं जाता जाता नुसतं खोकलात तरी पुरे होतं. लगेच दुकानातून आवाज यायचा, "कवापासनं?" तुम्ही म्हणायचं, "कालपासनं." मग पुढं काही विचारणं नाही की सांगणं नाही. कात्रीचा कच्चकन आवाज, कागदाची घडी, आणि रशीद आत्तारची पुडी तुमच्या हातात. छातीला नळी लावणं, जीभ बाहेर काढायला लावणं, असले रिकामटेकडे उद्योग तो डॉक्टर लोकांसाठी सोडून द्यायचा.

मी त्याचा शेजारी. माझा छापखाना आणि त्याचं मेडिकल यांच्यामध्ये एकच भिंत, तीही इतकी पातळ की त्याचं गिऱ्हाईक शिंकलं की माझ्याकडं ऐकू येई. मी लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दहाव्याची पत्रं छापतो. म्हणजे गावातल्या माणसाचं जे काही व्हायचं ते माझ्याकडून छापून जातं. गाव त्याला आत्तारभाई म्हणे. मी मात्र रशीदच म्हणायचो, कारण सातवीत भूमितीच्या पेपरला त्यानं माझं बघून लिहिलं होतं आणि आम्ही दोघंही नापास झालो होतो. एवढं झाल्यावर माणसाला भाई म्हणणं जड जातं.

त्याचे आजोबा आठवडी बाजारात अत्तर आणि सुरमा विकायचे. वडिलांनी हिरडा, ज्येष्ठमध, मुरडशेंग असल्या पोत्यांचं दुकान टाकलं. रशीदनं फार्मसीचा डिप्लोमा केला, पोती हटवली, काचेची कपाटं आणली, फ्रीज आणला आणि भिंतीवर स्वतःचं सर्टिफिकेट टांगलं. "तीन पिढ्या आमी गावाला बरं करतूय," असं तो दिवसातनं दोनदा तरी म्हणे. गावाला नेमकं काय झालं होतं, हे विचारायची सोय नव्हती.

अँटिबायोटिक हा शब्द आमच्याकडं कुणी वापरत नाही. आमच्याकडं तिला पॉवरची गोळी म्हणतात. आणि रशीदनं या पॉवरची अख्खी उतरंड लावून ठेवली होती. साधी, जुनी, लहान मुलांनाही चालणारी गोळी म्हणजे तलाठी. तिच्यावरची सर्कल. तिनंही काम झालं नाही तर मामलेदार. मग प्रांत. आणि फ्रीजमधल्या इंजेक्शनच्या बाटल्या म्हणजे कलेक्टर. घसा बसलेल्या माणसाला तो गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "तलाठ्याकडं काम हुतंय का बघायचं, का एकदम मामलेदाराला गाठायचं?" आता आमच्याकडच्या माणसाला तलाठ्याचा अनुभव काय असतो हे मी सांगायला नको. तो बिचारा घाबरून म्हणायचा, "आवं, मामलेदारच द्या की." की मामलेदाराची पुडी.

पुडीत गोळ्या दोन. फार झालं तर तीन. डॉक्टरनं पाच दिवसांचं लिहून दिलं असलं तरी रशीदची कात्री दोनावर थांबायची. "दोन घे. ताप उतरला की बस्स. उगं पोटात काय कोंबायचं?" हे लोकांना लय आवडायचं. डॉक्टर पाच दिवस खेळवतो, आत्तारभाई दोन गोळ्यांत मोकळा करतो, मग शहाणा कोण, हा साधा हिशेब होता. दोन गोळ्यांत अर्धवट मेलेले आणि अर्धवट उरलेले जंतू पुढं कुठं जातात, काय शिकतात, हा विचार त्यानं केला नव्हता. मीही केला नव्हता. मी तर त्याचं जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षांत माझ्या पोटात किती तलाठी आणि किती मामलेदार गेले याची गणती नाही.

पुड्यांचा कागद माझ्याकडचा. चुकलेल्या पत्रिकांचा गठ्ठा तो घेऊन जायचा आणि कात्रीनं चौकोन पाडून ठेवायचा. त्यामुळं आमच्या पेठेतलं जुलाबाचं औषध 'आपली उपस्थिती हाच आमचा आनंद' अशा कागदातून घरोघर जात असे.

त्याच्या कल्पकतेची कमाल बघायची तर आसपासच्या गावांच्या यात्रेच्या दिवसांत बघायची. यात्रा म्हटलं की मटण, मटण म्हटलं की पाहुणे, आणि पाहुणे म्हटलं की दुसऱ्या दिवशी पोटं. एका वर्षी कुणीतरी त्याला म्हणालं, "आत्तारभाई, पोट बिघडल्यावर गोळी घेण्यापरास आधीच घेतली तर?" रशीदला ते इतकं पटलं की पुढच्या वर्षीपासून यात्रेच्या आदल्या दिवशी दुकानापुढं रांग लागायला लागली. घरात येणाऱ्या पाहुण्यांची माणसं मोजून लोक पुड्या न्यायचे. "आमच्याकडं चौदा येणार हायती." की चौदा पुड्या. जेवणाच्या पंगतीत मिठाच्या शेजारी पुडी वाढलेली मी स्वतः पाहिलेली आहे. पाहुणे आधी गोळी घ्यायचे, मग रस्सा. आणि काय सांगायचं, कौतुकच व्हायचं त्याचं. पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणायचे, तुमच्या गावात सोय फार चांगली आहे हो.

आता कुणी म्हणेल, पैशासाठी करत असेल. नाही. दोन गोळ्यांत माणूस कसला श्रीमंत होतोय? त्याची खोड वेगळीच होती. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. उसाच्या फडातून एखादी बाई पोराला काखेत मारून यायची, पोर तापानं फणफणलेलं, डॉक्टरकडं जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. ती काउंटरला हात टेकून नुसतं "भाई" म्हणायची आणि हा विरघळायचा. कात्री, कच्च, पुडी. पोर तीन दिवसांनी बरं व्हायचं. ते गोळीनं बरं व्हायचं की आपलं आपणच, हे कोण बघतंय? बाई आशीर्वाद रशीदला द्यायची. असे आशीर्वाद तीस वर्षं गोळा करून माणसाचं काय होणार? तो स्वतःला देवाचा कंपाउंडर समजायला लागला होता.

एकदा औषध दुकानदारांच्या सभेला कुणी प्राध्यापक बाई आल्या होत्या. सभेचा फ्लेक्स मीच छापला होता, म्हणून मला फुकटचा नाश्ता मिळाला आणि भाषणही ऐकावं लागलं. बाई पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होत्या की अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. एक शहाणा झाला की दुसऱ्याला शिकवतो. आणि एक दिवस असा येईल की साध्या जंतूपुढं आपल्याकडं काही उरणार नाही. आभार मानायला उभं कोण राहावं? रशीद आत्तार. असा सुंदर बोलला की बाईंचे डोळे पाणावले. "आमी दुकानदार नसून समाजाचे पहारेकरी आहोत," हे वाक्य त्यानं कुठून पैदा केलं होतं कोण जाणे. परत येताना माझ्या गाडीवर मागं बसला होता. दुकान आलं तसा उतरला आणि म्हणाला, "बाई खरं बोलल्या रं दिनू. पण गिऱ्हाइकाला न्हाई कोण म्हणायचं?" सभेत मिळालेलं पोस्टर त्यानं इमानदारीत चिकटवलं. फ्रीजच्या मागच्या भिंतीला.

स्वतःच्या प्रकृतीला तर तो दुकानातला मालच समजायचा. चहा आला की बशीत एक गोळी. शिंक आली, घे. दाढ दुखली, घे. लांबच्या प्रवासाला निघायचं आहे, वाटेत काही होऊ नये म्हणून घे. मुमताजवहिनी, त्याची बायको, चिडून म्हणायची, "इतकी गोळ्या खाताव तुमी, एक दिवस अंगातनं आवाज येतंय बघा, खुळखुळ." तो हसायचा.

मागच्या उसाच्या हंगामात त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. चेहरा पांढरा पडला. चार पायऱ्या चढला की बसायचा. मी म्हटलं, "रक्त तपासून घे." म्हणाला, "दात हालतोय, बाकी काय न्हाई." आणि उपचार सुरू. आठवडाभर तलाठी. मग सर्कल. तिसऱ्या आठवड्यात मामलेदार. अंगावर काळेनिळे डाग उठले तेव्हा वहिनीनं रडून गोंधळ घातला आणि त्याला तपासणीला रक्त द्यायला लावलं. संध्याकाळी लॅबवाला रिपोर्ट मोबाईलवर न पाठवता स्वतः चालत आला. तेव्हाच मी ओळखलं.

सांगलीला कॅन्सरच्या दवाखान्यात चौगुले मॅडम म्हणून रक्ताच्या डॉक्टर. वयानं रशीदच्या मुलीएवढ्या, अंगानं किडकिडीत, आणि बोलणं असं की समोरच्यानं खुर्ची घट्ट धरावी. त्यांनी सरळ सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे. रशीदनं विचारलं, "बरा हुतो न्हवं?"

"होऊ शकतो," मॅडम म्हणाल्या. "पण मला तुमच्या कॅन्सरइतकीच भीती तापाची आहे."

रशीदनं माझ्याकडं बघितलं. ताप! ज्या गोष्टीवर त्याची तीन पिढ्यांची दुकानदारी उभी, तिला ही बाई भीत होती. मॅडमनी समजावून सांगितलं. औषधानं रोगट पेशी मरतील, पण त्यांच्याबरोबर जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या पेशीही मरतील. त्या परत तयार होईपर्यंत अंगात राखणीला कुणी नाही. बाहेरचा जंतू तर सोडाच, स्वतःच्या आतड्यात इतकी वर्षं गुमान बसलेला जंतूही उठून रक्तात शिरतो. "ताप शंभरच्या वर गेला की विचार करायचा नाही, गोळी घ्यायची नाही, गाडीत बसायचं आणि इकडं यायचं. प्रत्येक तासाला किंमत आहे." मग कागद पुढं ओढून म्हणाल्या, "गेल्या काही महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स घेतलीत?"

रशीद बोटं मोजायला लागला. एक हात संपला. दुसरा संपला. परत पहिल्या हातावर आला तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "माझ्या वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून एवढी घेतली नसतील," त्या म्हणाल्या. रशीदला वाटलं कौतुक केलं. तो चक्क हसला.

पहिला डोस वॉर्डात राहून झाला. महिनाभर काचेच्या दाराआड. आमच्या इस्लामपूरकरांना हे दार म्हणजे अपमान वाटला. माणूस आजारी आणि भेटायचं नाही? मग आजारी पडून उपयोग काय? दोन जीप भरून पेठ सांगलीला गेली. शहाळी, द्राक्षं, घरची भाकरी, एकानं दर्ग्यातला दोरा, दुसऱ्यानं देवाचा अंगारा. सिस्टरनं सगळं दाराबाहेर ठेवायला लावलं आणि एकेकाला हात धुवायला पाठवलं. एक जण हात धुऊन आला, शर्टाला पुसले, नाक चोळलं आणि म्हणाला, "आता सोडा." सिस्टरनं त्याला दोनदा धुवायला लावले, तरी सोडलं नाही. आतून रशीद मोबाईलवर सगळ्यांना ओरडत होता, "आवं लांब ऱ्हावा, खोकू नगा." आणि त्याच दमात, "नाना, खोकला कवापासनं?" मी कपाळाला हात लावला.

रोग आवरला. मॅडम खूश होत्या. दुसरा डोस दिला आणि त्याला घरी सोडताना सगळी पढवणी पुन्हा केली. ताप आला की गाडीत बसायचं. रशीदनं मान डोलवली. आभाराचं भाषण तेवढं केलं नाही.

आठव्या-नवव्या दिवशी सकाळी वहिनी छापखान्यात आली. तोंड सुकलेलं. "दिनूभाऊ, ह्यांच्या अंगाला हात लावून बघा जरा." मी गेलो तर हा मास्क लावून दुकानात आतल्या खुर्चीत बसलेला, पांघरूण घेऊन. अंग तव्यासारखं.

"कवापासनं?" मी त्याचाच प्रश्न त्याला केला.

"काल सकाळपासनं. घेतलंय मी. मामलेदार दोन झाल्या, तापाची येगळी. उतरतोय बग."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुपारपतुर बगू रं. तापासाठी सांगली गाठली तर लोक काय म्हनतील? आत्तारला सोताचा ताप उतरवता आला न्हाई?" मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला दुकानाच्या अब्रूची काळजी! आणि खरं सांगतो, लिहिताना हात थांबतो, पण मी दुपारपर्यंत थांबलो. मशीनवर एक लग्नपत्रिका चढवली होती, द्यायची घाई होती, आणि मनात कुठंतरी वाटत होतं की रशीद म्हणतोय म्हणजे उतरेल. तीस वर्षं माझा ताप त्यानंच उतरवला होता.

बाराच्या सुमाराला तो थंडीनं दातावर दात आपटायला लागला. गाडीत घातलं. आष्ट्याच्या पुढं गेल्यावर बडबडायला लागला, कुणालातरी गोळी कशी घ्यायची ते समजावून सांगत होता. वहिनी मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन कलमा म्हणत होती आणि मी प्रत्येक ट्रॅक्टरला शिव्या देत गाडी काढत होतो.

"ताप कधीपासून?" चौगुले मॅडमनी विचारलं.

"सकाळपासनं," रशीद पुटपुटला.

"कालच्या सकाळपासनं," वहिनी म्हणाली.

"काय घेतलंत? खरं सांगा. मला रागवायला वेळ नाही."

त्यानं नाव सांगितलं. मॅडमनी फक्त डोळे मिटले आणि उघडले. रक्त काढलं, जंतू कुठला आहे ते बघायला पाठवलं, आणि वाट न बघता कलेक्टर सुरू केला.

दोन दिवस कलेक्टरनं काही केलं नाही. ताप हलेना, रक्तदाब खाली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात जंतू सापडला होता, आतड्यातलाच. त्याच्यावर कुठलं औषध चालतं आणि कुठलं चालत नाही याची यादी होती. मॅडम मला बाहेर घेऊन सांगत होत्या तोवर आतून रशीदचा हात हलला. "मला दावा तो कागद."

मॅडमनी एक क्षण विचार केला आणि दिला. एवढ्या तापात तो कागद डोळ्यांसमोर धरून वाचायला लागला. बोट एकेका नावाखाली सरकत होतं. प्रत्येक नाव त्याच्या कपाटातलं. प्रत्येकाची जागा त्याला पाठ. "तलाठी गेला," तो म्हणाला. "सर्कल गेला. मामलेदार, तो तर गेलाच. प्रांत... प्रांतबी." बोट खाली आलं. "कलेक्टरसुदिक न्हाई म्हनतोय." मग कागद छातीवर ठेवून मॅडमना विचारलं, "ह्यो जंतू माज्याच दुकानातला का ओ?"

मला वाटलं मॅडम त्याला खोटा धीर देतील. त्यांनी दिला नाही, आणि त्याला गुन्हेगारही केलं नाही. "तसं कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "असे जंतू आता सगळीकडं आहेत. पाण्यात आहेत, दवाखान्यांत आहेत, या इमारतीतही असतील. पण इतकी औषधं पोटात जात राहिली की साधे मरतात आणि असलेच टिकतात. हे मात्र खरं आहे."

रशीदनं छातीवरच्या कागदाची घडी घातली. "मंजे यात्रेच्या चौदा पुड्या," तो एवढंच म्हणाला. मॅडमना काही कळलं नाही. मला कळलं आणि मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

उरलेली दोन औषधं एकत्र दिली. त्यांतलं एक इतकं जुनं आणि जहरी की ते मूत्रपिंडाला मारतं म्हणून कधीच मागं पडलं होतं. आता दुसरं काही नाही म्हणून तेच बाहेर काढलेलं. पंधरवडा गेला. लघवी थांबायला आली, पाय सुजले, पण जंतू हटला आणि रशीद घरी आला. एवढासा झाला होता. मला बघून म्हणाला, "दिनू, एक बोर्ड छापून दे."

मजकूर त्यानं स्वतः सांगितला. 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पॉवरची गोळी मिळणार नाही. चिठ्ठीत लिहिल्या तेवढ्या सगळ्या घ्याव्या लागतील. भांडू नये.' मी म्हटलं, भांडू नये कशाला? म्हणाला, "गावाला वळखत न्हाईस व्हय तू?" लाल अक्षरात छापून दिला. ह्या वेळी त्यानं तो फ्रीजमागं लावला नाही, दाराशी लावला.

आणि मग सुरू झाला तमाशा. लोक बोर्ड वाचायचे, हसायचे आणि म्हणायचे, "ते बाकीच्यांसाठी, आमाला द्या." रशीद मास्कमधून म्हणायचा, "न्हाई." उभ्या आयुष्यात हा शब्द न वापरल्यामुळं त्याला तो नीट म्हणताही येत नव्हता. आधी म्हणायचा, मग ओशाळं हसायचा, मग परत म्हणायचा. घाम यायचा त्याला. एका म्हातारीनं त्याला सांगितलं, तुझ्या बापानं मला कधी मोकळं पाठवलं न्हवतं. साताऱ्याहून मेव्हण्यानं फोन केला, नेहमीच्या गोळ्या एसटीनं पाठव. ह्यानं नाही म्हटलं, तर मेव्हण्यानं बोलणं टाकलं. पेठेत निदान ठरलं की कॅन्सरच्या औषधानं आत्तारभाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. ज्या माणसानं वर्षानुवर्षं चुकीचं दिलं तो देवमाणूस होता. बरोबर वागायला लागला तर वेडा ठरला. ह्या गावाची अक्कल कुठल्या रिपोर्टात बसवायची सांगा.

समोर नवीन मेडिकल झालं होतं, काचेचं दार, आत गार हवा. गिऱ्हाईक रशीदच्या पायऱ्या उतरायचं आणि सरळ रस्ता ओलांडायचं. तिथं कुणी काही विचारत नव्हतं. कवापासनं हेसुद्धा नाही.

तिसऱ्या डोसाला तो सांगलीला गेला. राखणीच्या पेशी उतरल्या आणि तोच जंतू परत उठला. ह्या वेळी ते जहरी औषधही चाललं नाही. चौगुले मॅडम चार दिवस त्याच्यापाशी होत्या. शेवटी त्यांच्याकडं द्यायला काही उरलं नव्हतं आणि त्यांनी तसं आम्हाला तोंडावर सांगितलं. पाचव्या दिवशी रशीद गेला. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. दफनाला सगळं गाव लोटलं होतं. दोघं-तिघं खोकत होते. जो तो सांगत होता, असा माणूस होणे नाही, एका पुडीत खडखडीत बरा करायचा.

पण मला जो रशीद दिसत राहतो तो त्या कॉटवरचा नाही. तिसऱ्या डोसाला जायच्या आदल्या दिवशीचा आहे.

लग्नसराई होती. माझा घसा धरला होता, अंगात कणकण, आणि दोन दिवसांत सहा पत्रिका द्यायच्या होत्या. सकाळी त्याच्याकडं गेलो. "मामलेदार दे," म्हटलं. त्यानं माझा घसा बघितला. तीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडायला लावलं. म्हणाला, "सर्दीचा घसा हाय. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, निजून ऱ्हा. तीन दिसात जाईल."

"निजायला वेळ कुणाला आहे?"

"मग डाक्टरला दाव."

"रशीद, हे मला सांगतोस? मला?"

"तुलाच सांगतूय," तो म्हणाला.

मला राग आला. त्याचा बोर्ड मी छापलेला, त्याची गाडी मी हाकलेली, आणि मलाच नाही? मी तसाच पायऱ्या उतरलो आणि रस्ता ओलांडला. काचेच्या दारातून आत गेलो, गोळ्यांचं नाव घेतलं, मिनिटात बाहेर आलो. बाहेर आलो तर रशीद रस्त्याच्या मधोमध उभा.

दहा पावलांत त्याला धाप लागली होती. मास्क आत-बाहेर होत होता. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली हॉर्न मारत जात होत्या, एक जण "ओ चाचा" म्हणून ओरडला. त्याला काही ऐकू येत नसल्यासारखा तो माझ्यापुढं हात पसरून उभा होता. हातावर सलाईनच्या सुयांचे काळे डाग.

"दे ते," तो म्हणाला.

"घसा माझा दुखतोय. तुझं काय जातंय?"

"माज्यावर त्यातली एकबी चालत न्हाई आता, दिनू," तो म्हणाला. "तुज्यावर तरी चालू ऱ्हाऊ दे की, गड्या."

मी "बरं, बघू" म्हणालो. त्याला दंडाला धरून त्याच्या पायरीपर्यंत सोडलं, खुर्चीत बसवलं. मग छापखान्यात आलो, चहा मागवला, आणि त्याला भिंतीपलीकडून ऐकू जाऊ नये म्हणून मशीन सुरू करून एक गोळी घेतली.